दहा भागांची फँटसी मालिका तडीस न्यायची तर

मालिका वाचणारा माणूस पुस्तकाच्या आत क्वचितच अडतो. तो अडतो दोन पुस्तकांच्या मध्ये. पहिल्या भागाचा चार दिवसांत फडशा पडतो, दुसराही झरझर होतो. तिसरा मात्र वाचनालयातून दुसऱ्याच कुणीतरी नेलेला असतो. तो परत येईतो गणपती, गणपती उरकले की नवरात्र, मग दिवाळी अंकांचा गठ्ठा. नोव्हेंबरच्या शेवटी तिसरा भाग हाती लागतो आणि दर दोन पानांना ‘हा कोण आता?’ असं व्हायला लागतं. पुस्तक कपाटात जातं ते तिथंच राहतं. खाली जे सांगितलंय ते बहुतेक या मधल्या खिंडीसाठीच आहे.

पुस्तकं मोजू नका, पानं मोजा

‘यंदा पन्नास पुस्तकं’ असला संकल्प फँटसी वाचणाऱ्याच्या मुळावर येतो. दीडशे पानांचं पुस्तकही एक आणि नऊशे पानांचंही एकच, त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की हात आपोआप बारक्या पुस्तकांकडे जातो आणि मालिकेचा पाचवा भाग मागं पडतो. गुडरीड्स या वाचनाची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावरचं वार्षिक आव्हान पुस्तकांच्या आकड्यावर चालतं. स्टोरीग्राफ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर पानांचं किंवा तासांचंही उद्दिष्ट लावता येतं, म्हणून जाड पुस्तकं वाचणाऱ्यांना ते सोयीचं. गुडरीड्सवरची यादी उतरवून घेऊन तिथं चढवताही येते. अर्थात दोनशे पानी वही आणि पेन्सिल एवढ्यावरही सगळं भागतं, आणि वही लागणारच आहे.

आधी आपला वेग काढा. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा, नेहमीच्या सवयीनं वाचा, गजर वाजला की पेन्सिलीनं खूण करा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करायचं: एकदा रात्री जेवणानंतर, एकदा सुट्टीच्या सकाळी, आणि एकदा जिथं तुमचं खरं वाचन होतं तिथं, मग ती कोल्हापुरातली केएमटीची बस असो की शिरोलीच्या कारखान्यातली जेवणाची सुट्टी. पुस्तकाची पहिली पंधरा-वीस पानं या मोजमापात धरू नका. नवं जग आणि नवी नावं यांत ती सगळ्यांचीच रखडतात. समजा आकडे आले १४, ११ आणि ९ पानं. मधला घ्या, ११. सगळ्यात चांगला आकडा धरून आखलेला बेत तिसऱ्या आठवड्यात कोसळतो.

वीस मिनिटांना ११ म्हणजे तासाला ३३ पानं. रोज ४० मिनिटं दिली तर २२ पानं. आठवड्याचे दिवस सात धरू नका, पाच धरा. झाली ११० पानं. आणि वाचायला वर्षाचे बावन्न आठवडे कुणालाच मिळत नाहीत. गणपती, दिवाळी, लग्नसराईतली पै-पाहुण्यांची ये-जा, मुलांच्या परीक्षा, एखादं आजारपण असं वजा केलं की ४४ उरतात. ४४ गुणिले ११० म्हणजे ४,८४० पानं. हे तुमचं वर्षाचं भांडवल. यातूनच मालिका, इतर पुस्तकं आणि दिवाळी अंक भागवायचे आहेत.

एक गोम लक्षात ठेवा. पान हे माप पुस्तकागणिक बदलतं. भरलेल्या दहा ओळींतले शब्द मोजा, दहानं भागा, पानावरच्या ओळींनी गुणा. ओळीला १० शब्द आणि ३३ ओळी असतील तर पानाला ३३० शब्द. बारीक टायपाच्या आवृत्तीत ओळीला १२ आणि ओळी ४० निघाल्या तर तेच पान ४८० शब्दांचं होतं, आणि वीस मिनिटांची तुमची ११ पानं साडेसातवर येतात. वेग मंदावला, कंटाळा आला असं वाटतं, पण फरक टायपाचा असतो. मराठी आणि इंग्रजीची मोजदाद मात्र वेगवेगळी ठेवा. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे शब्दांची संख्या कमी दिसते. तिची इंग्रजीशी तुलना करून काही हाती लागत नाही.

महिन्याला एक भाग, हा बेत का फसतो

हॅरी पॉटरचं उदाहरण घेऊ, कारण ते बहुतेकांच्या घरात असतं. सात भाग, १९९७ ते २००७. ब्रिटिश आवृत्तीच्या पहिल्या छपाईत पानं अशी: २२३, २५१, ३१७, ६३६, ७६६, ६०७, ६०७. एकूण ३,४०७. ‘महिन्याला एक, सात महिन्यांत खलास’ असं ठरवणारा वाचक पहिले तीन भाग आरामात संपवतो. तीन भाग झाले म्हणजे जवळपास निम्मी मालिका झाली असं त्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात झालेली असतात ७९१ पानं, म्हणजे पाव मालिकासुद्धा नाही. पुढचे दोनच भाग मिळून १,४०२ पानांचे आहेत. आठवड्याला ११० पानांनी पहिला भाग दोन आठवड्यांत होतो, चौथ्याला जवळजवळ सहा लागतात, पाचव्याला सात. महिना संपतो, भाग संपत नाही, बेत चुकला म्हणून माणूस खट्टू होतो आणि सोडून देतो. चूक त्याच्या वाचनात नव्हती, वाटणीत होती.

म्हणून मालिका हातात घेतानाच सगळ्या भागांची पानं वहीच्या पहिल्या पानावर लिहा, प्रत्येकासमोर आठवडे लिहा आणि शेवटी मालिका किती आठवड्यांची आहे ते बघा. इथं ३,४०७ भागिले ११० म्हणजे ३१ आठवडे. जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडताना सुरू केली, मधल्या सुट्ट्या वजा केल्या, तर मार्चपर्यंत होईल. रॉबर्ट जॉर्डन यांची ‘व्हील ऑफ टाइम’ ही फँटसी मालिका घेतली तर मुख्य भाग १४ आणि शब्द चाळीस लाखांच्या वर. तासाला साधारण ११ हजार शब्द आणि आठवड्याला तीन तास वीस मिनिटं या हिशोबानं तिला ११० आठवडे तरी हवेत. वर्षाचे ४४ धरले तर अडीच वर्षं झाली. अडीच वर्षं एका मालिकेला द्यायची आहेत का, हा प्रश्न पहिल्या भागाच्या आधी विचारायचा असतो. चौथ्या भागात विचारला तर उत्तर नेहमी ‘नाही’ असंच येतं.

रोजचं किमान पाच पानांचं ठेवा. पाहुणे आले, कामाची पाळी बदलली, लाइट गेली तरी पाच. पाच पानांनी आकडा फारसा हलत नाही, पण पात्रं डोक्यात ताजी राहतात. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायला बसू नका. दुप्पट वाचताना डोळे नुसते ओळींवरून पळतात, लढाईच्या प्रकरणात कोण कुणाच्या बाजूनं होतं ते निसटतं आणि चार दिवसांनी मागं जाऊन पुन्हा वाचावं लागतं. बुडलेला दिवस सरळ शेवटच्या तारखेत मिळवा.

दिवाळी अंकांचं मात्र आधीच ठरवून टाका. वाचनालयं अंकांची वेगळी योजना काढतात आणि एकदा पैसे भरले की दोन-तीन महिने घरात अंकच अंक असतात. त्या काळात मालिकेला रोजची पाच पानंच द्या, किंवा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक भाग पुरा होईल अशी आखणी करा. जाड भागाच्या मधोमध दिवाळी येऊ देणं सगळ्यात वाईट.

कुठल्या क्रमानं

नियम साधा आहे: प्रकाशनाच्या क्रमानं वाचा. कथेतल्या काळाच्या क्रमानं वाचायचा मोह होतो, विशेषतः संच तसा छापलेला असला की. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेचे सात भाग १९५० ते १९५६ या काळात आले. १९५५ साली आलेल्या ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ची कथा काळानं सगळ्यात आधीची, म्हणून हल्लीच्या संचांत त्याच्यावर एकचा आकडा असतो. पण ते पुस्तक, कपाटातून उघडणारं ते जग तुम्हाला आधीच माहीत आहे असं धरून लिहिलेलं आहे. १९५० चं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ आधी वाचलं की दुसऱ्याची मजा दुप्पट होते. ‘व्हील ऑफ टाइम’ची पूर्वकथा २००४ साली, दहाव्या आणि अकराव्या भागाच्या मध्ये आली, तिथंच वाचा.

अपवाद आहेत. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत आणि त्या ओळीनं वाचायची काही गरज नाही. पहारेकऱ्यांच्या, चेटकिणींच्या, मृत्यूच्या अशा वेगवेगळ्या शाखा आहेत. एक शाखा धरा आणि तेवढीच क्रमानं वाचा. वर्षाला चार-पाच वाचून हवं तेव्हा थांबता येणारी ही मालिका कमी वेळ असणाऱ्यांना फार सोयीची. अमीश यांच्या रामचंद्र मालिकेत पहिले तीन भाग राम, सीता आणि रावण यांच्या बाजूंनी समांतर चालतात आणि चौथ्यात एकत्र येतात, म्हणजे तीन भागांत काळ पुन्हा पुन्हा मागं जाणार. हे आधी ठाऊक असलं की ‘हे तर वाचलंय’ म्हणून चिडचिड होत नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’च्या चौथ्या-पाचव्या भागांतही तसंच आहे. दोन्हींतल्या घटना बऱ्याचशा एकाच काळात घडतात, पात्रं तेवढी वाटून दिलेली आहेत.

गुडरीड्सवर मालिकेच्या यादीत २.५, ०.५ असे आकडे दिसले तर गोंधळू नका. त्या मधल्या छोट्या कथा असतात. त्या सोडल्या तरी मुख्य कथा सहसा अडत नाही, आणि उद्दिष्टात तर त्या धरूच नका.

घेताना काय बघायचं

पहिला भाग उचलण्याआधी शेवटचा भाग कुठं मिळेल ते बघा. १८५० पासून चालू असलेलं करवीर नगर वाचन मंदिर असो की गल्लीतलं छोटं वाचनालय, काउंटरवर एकच विचारायचं: या मालिकेचे सगळे भाग आहेत का, आणि आत्ता कुठला बाहेर आहे? वाचनालयांत पहिल्या भागाच्या दोन-तीन प्रती आणि मधल्या एखाद्या भागाची एकही नाही, असं सर्रास असतं. मधला भाग नसेल तर तेवढा एकच विकत घ्यायची तयारी ठेवा. अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांनी परत करायची आणि मुदत किती वेळा वाढवून मिळते, हेही तेव्हाच विचारून घ्या. आठवड्याला ११० पानं वाचणाऱ्याला ९०० पानांचा भाग आठ आठवडे पुरतो. पंधरा दिवसांची मुदत असेल तर ती तीनदा वाढवून घ्यावी लागणार. मागं कुणी थांबलेला असला तर ती वाढवून मिळत नाही. असा भाग स्वतःचाच असलेला बरा.

संच विकत घेताना भागांची संख्या आणि पुस्तकांची संख्या यांत गल्लत होते. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’च्या आतापर्यंत पाच कादंबऱ्या आल्यात, पण आपल्याकडे मिळणारा ब्रिटिश पेपरबॅकचा संच सात पुस्तकांचा असतो, कारण तिसरी आणि पाचवी कादंबरी प्रत्येकी दोन पुस्तकांत फोडली आहे. तिसरीचं पहिलं पुस्तक ‘स्टील अँड स्नो’, दुसरं ‘ब्लड अँड गोल्ड’. सुटी पुस्तकं गोळा करणारे इथं हमखास फसतात: ‘स्टील अँड स्नो’ संपवून थेट चौथी कादंबरी उघडतात आणि अर्धी गोष्ट गायब. ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेचा पहिला भाग ‘द वे ऑफ किंग्ज’, त्याचा ब्रिटिश पेपरबॅकही असाच दोन पुस्तकांत आहे. उलट बाजूनं, एकाच पुस्तकाला दोन देशांत दोन नावं असतात. ‘नॉर्दर्न लाइट्स’ आणि ‘द गोल्डन कंपास’ ही एकच कादंबरी. दोन्ही घेऊ नका.

रस्त्यावर ढिगात मिळणाऱ्या स्वस्त प्रती बहुधा चोरून छापलेल्या असतात. नैतिक बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी मालिकेसाठी त्या धोक्याच्या. पुस्तक सुटं पान सुटं पान असं बांधत नाहीत, बहुधा १६ किंवा ३२ पानांचे फर्मे करून बांधतात. बांधणीत एक फर्मा राहिला तर ओळीनं सोळा पानं गेली, किंवा तीच सोळा पानं दोनदा आली. जुनं पुस्तक घेतानाही अंगठ्यानं पानं सोडत नुसते आकडे बघत जा. आठशे पानांना तीन-चार मिनिटं लागतात. पाठ मधोमध चिरलेली असेल तर ते पुस्तक पुन्हा वाचताना दोन तुकडे होणार असं समजा.

भाषा एकच ठेवा. हॅरी पॉटरचे सातही भाग मराठीत आहेत, पण पहिल्या भागातला ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ मराठीत ‘परीस’ होतो. भाषांतर म्हणून हे झकासच आहे, पण दोन भाग मराठीत आणि तिसरा इंग्रजीत वाचणाऱ्याला प्रत्येक वस्तू नव्यानं ओळखावी लागते. नाइलाजच झाला तर मागच्या भागातल्या वीसेक शब्दांची जोडयादी करून घ्या. बहुतेक अवाढव्य मालिका मात्र अजून इंग्रजीतच वाचाव्या लागतात. आपल्याला हा प्रकार पेलेल का अशी शंका असेल तर नाथमाधवांची ‘वीरधवल’ वाचून बघा. अद्भुतरम्य कादंबरी मराठीला नवी नाही.

वही कशी ठेवायची

एका भागाला चार पानं पुरतात. पहिल्यावर नावं. नाव पहिल्यांदा आलं की लगेच लिहायचं नाही, नाहीतर शंभर पानांत ऐंशी नावं होतात आणि यादी बघावीशी वाटत नाही. तेच नाव दुसऱ्या प्रकरणात पुन्हा आलं की लिहा. देवनागरीत लिहा, जसं मनात उच्चारता तसं, आणि शेजारी पहिल्यांदा आलेलं पान. नात्यांसाठी रेघा ओढायच्या. आपण वंशावळीत मुरलेली माणसं आहोत. चुलत-मावस-सावत्र नुसतं लिहिलं तरी पुरतं. तिथं इंग्रजीत ‘अंकल’ म्हटलेला माणूस काका आहे की मामा हे शोधून लिहिलं की निम्मं राजकारण आपोआप उलगडतं.

दुसऱ्या पानावर जादूचे नियम: कशानं चालते, किंमत काय, कुणाला जमत नाही. पाच-सहा ओळींच्या वर जाऊ देऊ नका. नकाशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ई-पुस्तकात नकाशा इतका बारीक दिसतो की गावांची नावं लागत नाहीत.

तिसरं आणि चौथं पान भाग संपल्यावर भरायचं, चोवीस तासांच्या आत. इथं आळस केला की आधीची मेहनत पाण्यात. कथा पुन्हा सांगायची नाही, सगळे आत्ता कुठं उभे आहेत तेवढंच टिपायचं. एक काल्पनिक नमुना:

‘भाग २ संपला, पान ७८२. राणी उत्तरेच्या गढीत, डावा हात गेला. मुलगा जिवंत आहे हे तिला माहीत नाही, नावाड्याला माहीत आहे. तलवार नावाड्याकडे, पण ती कुठली हे त्याला कळलेलं नाही. सेनापती मेला असं सगळे म्हणतात, प्रेत कुणी पाहिलेलं नाही (पान ६४०). धाकट्या बहिणीनं पुजाऱ्याला शब्द दिलाय, तो कसला ते अजून सांगितलेलं नाही. मला वाटतं पुजारी खोटं बोलतोय.’

शेवटची ओळ गाळू नका. आपला अंदाज लिहिला की पुढचा भाग उघडायची ओढ राहते, आणि तो चुकला तरी गंमत येते. ‘प्रेत पाहिलेलं नाही’ ही नोंद तर या प्रकारात फार वेळा कामी येते.

पुस्तकाच्या मागं पात्रांची यादी असली तर हातातल्या भागाचीच बघा. पुढच्या भागाची कुतूहलानं चाळली की त्यात कुणाचं नाव गळलंय, कुणापुढं नवी पदवी आलीय ते दिसतं आणि मधल्या दोनशे पानांची हवा जाते. नेटवर नुसतं पात्राचं नाव टाकलं तरी शोधपट्टीच पुढं ‘मृत्यू’ सुचवते. शोधायचंच तर भागाचं नाव, प्रकरणाचा आकडा आणि ‘सारांश’ एवढंच टाका.

मधली खिंड

हातातल्या भागाची शेवटची शंभर पानं उरली की पुढचा भाग घरात हवा. मागवायचा असेल तर तेव्हाच मागवा, वाचनालयात नाव लावायचं असेल तर त्याच्याही आधी. शंभर पानं म्हणजे साधारण एक आठवडा, आणि पुस्तक यायला तेवढा लागतोच.

भाग संपला की लगेच पुढचा घेऊ नका, पण पंधरा दिवसांच्या वर जाऊही देऊ नका. मध्ये एक पातळ पुस्तक घाला आणि ते फँटसी नसू द्या: प्रवासवर्णन, व्यक्तिचित्रं, कथासंग्रह, काहीही. दोन कल्पित जगं एका वेळी डोक्यात ठेवली की या राज्यातला राजा त्या राज्यात जाऊन बसतो. एका वेळी एकच जड मालिका. जोडीला चालायचीच तर रहस्यकथांसारखी हलकी.

खिंड लांबलीच तर उपाय असा. महिना-दोन महिने झाले असतील तर वहीतली दोन पानं वाचा आणि आधीच्या भागाची शेवटची दोन प्रकरणं पुन्हा वाचा. तासाभराचं काम आहे. वर्ष झालं असेल तर शेवटचा दहावा हिस्सा वाचा, ८०० पानांतली ८०. दोन वर्षं उलटली आणि वहीही नसेल तरच पूर्ण भाग पुन्हा हातात घ्या. पहिल्या भागापासून नव्यानं सुरुवात करणारे बहुतेक जण पुन्हा त्याच तिसऱ्या भागात अडकतात, कारण ताज्या दमाचा साठा जुन्याच पानांवर संपतो.

चालत ऐकणाऱ्यांना ऑडिओ चांगला आधार. ‘द वे ऑफ किंग्ज’चं ध्वनिमुद्रण ४५ तासांच्या आसपास आहे, सव्वापट वेगानं ३६ तास. रोज सकाळी रंकाळा तलावावर तासभर फिरणारा, आठवड्याला सहा दिवस धरले तर, सहा आठवड्यांत ते संपवतो. पहिले दोन-तीन तास साध्या वेगानंच ऐका, उच्चार कानात बसू द्या. पुण्याच्या एसटीत वाचायला घेतलं तर घाटात पोटात ढवळतं, तिथं ऑडिओच. दिवसाच्या कोयना एक्स्प्रेसमध्ये मात्र खिडकीची जागा मिळाली तर एका बैठकीत शंभरेक पानं होतात. अशा प्रवासाच्या तारखा वहीत आधी लिहून ठेवा आणि कंटाळवाण्या मधल्या प्रकरणांसाठी त्या राखून ठेवा.

अपुऱ्या मालिका

काही मालिकांचा शेवटच लिहून झालेला नसतो. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, आणि सहावा अजून वाचकांच्या हातात नाही. अशी मालिका वाचू नये असं अजिबात नाही, पण ती ‘पूर्ण करायच्या’ यादीत घालू नका. प्रत्येक भाग स्वतंत्र कादंबरी म्हणून मोजा. ‘व्हील ऑफ टाइम’चे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ साली वारले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या टिपणांवरून पुरे केले, शेवटचा २०१३ मध्ये आला. सगळ्याच वाचकांचं नशीब असं नसतं. सँडरसन यांच्याच ‘स्टॉर्मलाइट’मध्ये दहा भागांची योजना आहे आणि २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या पाचव्या भागाशी पहिला टप्पा संपतो. असा मधला थांबा असलेली मालिका निवडली तर तिथं समाधानानं थांबता येतं.

नवा भाग येणार असं जाहीर झालं की उलट मोजणी करा. मागचा भाग ८०० पानांचा असेल आणि पूर्ण पुन्हा वाचायचा असेल तर आठवड्याला ११० नं सात-आठ आठवडे आधी सुरू करायला हवं. जाड पुठ्ठ्याची बांधणी आधी येते आणि महाग असते, पेपरबॅक बहुधा काही महिन्यांनी. थांबणार असाल तर तेवढे महिने कट्ट्यावरच्या गप्पांपासून जपावं लागेल.

कट्ट्याचं म्हणाल तर चौघांत एक संच घेणं किफायतशीर पडतं, फक्त क्रम नीट लावा. सगळ्यात वेगानं वाचणारा पहिला, सगळ्यात हळू वाचणारा शेवटी. उलटं केलं की तिघं हळू माणसाच्या नावानं बोटं मोडत बसतात. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड ठेवा, त्यावर नाव आणि घेतल्याची तारीख. बोलताना ‘भावा, कुठवर आलास?’ एवढाच प्रश्न, आणि उत्तरात फक्त प्रकरणाचा आकडा. ‘पुढं बघ काय होतंय ते’ हे वाक्यसुद्धा निम्मं गुपित फोडतं.

पावसाळ्यातली पुस्तकं

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरातली हवा कागदाला सोसत नाही. पेपरबॅकची पानं लाटांसारखी होतात, डिंक सैल पडतो, पाठीवर पांढरी बुरशी येते. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढं ओढा, पुस्तकं ठासून भरू नका, ऊन पडेल त्या दिवशी दारं उघडी ठेवा. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे सगळ्यांना पाठ आहे. नदीकडच्या भागात राहणाऱ्यांनी ३९ ऐकतानाच खालचा कप्पा वर हलवावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे वेगळं सांगायला नको. पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका, कागद वाकडा होतो. उभं करून पानं थोडी फाकवा, दर वीसेक पानांत टिपकागद किंवा साधा कोरा कागद घाला, पंख्याखाली ठेवा आणि कागद ओला झाला की बदलत राहा. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते.

मालिका सोडायची असेल तर कधी? पहिल्या भागाची शंभर पानं आणि दुसऱ्या भागाची शंभर पानं, या दोन ठिकाणी स्वतःला विचारा. दुसऱ्याच्या शंभराव्या पानावरही पात्रांचं काय होईल याची उत्सुकता नसेल तर पाचव्यात ती येण्याची शक्यता फार कमी. सोडताना वहीतलं शेवटचं पान तरीही लिहा, थांबलेलं पान आणि कारण एका ओळीत टाका, आणि वाचनालयाचा भाग त्याच आठवड्यात परत करा. मागं कुणीतरी तिसऱ्या भागासाठी थांबलेलं असतंच.